खिशात राहिलेला चिमटा

मी बोलतोय खरा, पण जरा हळू आवाजात, कारण मी स्वभावानं भित्रा आहे. पोलादाचा असून भित्रा! हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे फारशी संधी मिळणार नाही.

मी एक चिमटा आहे. स्वयंपाकघरातला नव्हे, कारखान्यातला. पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनच्या जबड्यात माणसाचा हात जाऊ नये, त्याऐवजी मी जावं, एवढ्याचसाठी मला घडवलं. आणि ज्या दिवशी मी जायला हवं होतं, त्या दिवशी मी ॲप्रनच्या खिशात होतो.

एका म्हाताऱ्या फिटरनं मला बनवलं. पट्टी तापवली, वाकवली, पाण्यात बुडवली, आणि माझी दोन्ही टोकं कानशीनं घासून जाड आणि गोलसर केली. त्या काळी कारखान्यात पत्र्याच्या खोलगट वाट्या निघत. वाटीला काठ असतो. काठ धरला की वाटी अलगद वर. काम सोपं होतं आणि मी ते मन लावून करत होतो. माझ्या पाठीवर चौदा नंबर ठोकलेला होता, त्याचाही मला जरा तोराच होता.

पुढे वाट्यांचं काम बंद झालं आणि चकत्यांचं आलं. चकती म्हणजे कागदाहून थोडी जाड, सपाट, तेलानं माखलेली. मशीनच्या खालच्या साच्याला डाय म्हणतात. त्या डायच्या खाचेत ती अशी चपखल बसायची की वरून बोट फिरवलं तरी कड लागू नये. माझी जाड टोकं तिच्याखाली शिरणार कशी? मी घसरायचो. पुन्हा धरायचो, पुन्हा घसरायचो. नखानं मात्र ती एका झटक्यात निघायची. डाय बदलला, काम बदललं, चिमटे बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं असेल तर तिथं फार वेळ थांबलं नाही.

रजिस्टर मात्र तेच राहिलं. नवीन माणूस कामावर आला की सुपरवायझर ते पुढं करायचा. त्यात ‘चिमटा मिळाला’ असं छापलेलं आणि पुढं सहीची जागा. "हरवू नका हं, तुमच्या नावावर आहे," असं तो प्रत्येकाला बजावायचा. झालं! सगळ्यांनी आम्हाला खिशात घातलं आणि डोळ्यांत तेल घालून जपलं. आम्ही त्यांना सांभाळायचं, तर तेच आम्हाला सांभाळत बसले.

मी ज्या खिशात गेलो तो वहिनीचा होता. तिची नणंद त्याच कारखान्यात पॅकिंगला होती. तिनं हिला कामाला आणलं आणि ती वहिनी म्हणते म्हणून सगळेच वहिनी म्हणू लागले. पन्नाशीचे वॉचमनसुद्धा! वहिनीचा नवरा ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. घरी नणंद, आठ वर्षांची मुलगी आणि ही. पहिल्या दिवशी तिनं मला हातात घेऊन खरंच प्रयत्न केला. दहा मिनिटांत चार चकत्या निघाल्या. शेजारच्या मशीनवरची मावशी म्हणाली, "अगं, असं करत बसलीस तर संध्याकाळपर्यंत टार्गेटच्या निम्म्यालाही पोचायची नाहीस. ठेव तो खिशात." तिनं ठेवला.

तेव्हापासून रोज आठ तास मी अंधारात बसून ठोके ऐकायचो. पॅडल दाबलं की ठोका, मग हात आत, चकती बाहेर, नवी चकती आत, हात बाहेर, पॅडल. प्रत्येक वेळी हात आत गेला की माझा जीव टांगणीला. कारण त्या मशीनला एक खोड होती. पॅडल एकदा दाबलं तर मशीननं एकदाच खाली यायचं, हा नियम. पण मध्येच कधीतरी ते आपल्या मनानं दुसऱ्यांदा यायचं. वहिनीनं दोनदा सांगितलं होतं, "साहेब, मशीन डबल मारतंय." सुपरवायझर दोन्ही वेळा म्हणाला, "बघतो."

त्या दिवशी दुपारी मला दिसलं काहीच नाही. ठोका ऐकू आला. आणि लगेच दुसरा, जो यायला नको होता.

मग वहिनीचा आवाज. तो मी सांगणार नाही.

उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याजवळची. दवाखान्यात नर्सनं ॲप्रन काढून पिशवीत कोंबला, पिशवी नणंदेच्या हातात दिली, आणि असा मी वहिनीच्या घरी आलो. नणंदेनं तो धुवायला काढला तेव्हा मी खणकन फरशीवर पडलो. दोघी माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जणू कोपऱ्यातून साप निघाला.

"वहिनी, हा खिशातच होता?"

"हो."

"म्हणजे दिला होता, आणि तू वापरला नाहीस. असंच म्हणतील ना?"

त्या क्षणी मला कळलं की मी आता चिमटा राहिलो नाही, पुरावा झालोय. आणि तोही तिच्याविरुद्धचा. नणंद म्हणाली, "रात्री जाऊन नाल्यात टाकते." मग तिला बाहेर जायचीच भीती वाटली. शेवटी तिनं मला कापडात गुंडाळून पिठाच्या डब्यात तळाशी पुरलं. माझा श्वास कोंडला. आता तुम्ही म्हणाल, चिमट्याला कसला श्वास? पुरून बघा स्वतःला पिठात, म्हणजे कळेल.

डब्यातून घर ऐकू यायचं. दार आपटलं की वहिनी दचकायची. शेजारच्या घरी मिक्सर लागला की ती उठून मागच्या खोलीत जायची. मुलगी सकाळी वेणी घालायला समोर बसायची आणि वहिनी डाव्या हातानं तीन पेड धरायची खटपट करायची. पेड सुटायचे. एके दिवशी मुलगी हळूच म्हणाली, "आई, मी केस कापून टाकू का?" तेव्हा वहिनी रडली. बोटं गेली तेव्हापासून पहिल्यांदाच रडली, आणि रडता रडता म्हणाली, "माझीच चूक गं. मीच हात घातला." मला पिठातून ओरडून सांगावंसं वाटलं की नाही, मी घसरत होतो! पण आमच्या जातीला तोंड दोन टोकांचं असून आवाज नसतो.

आठव्या दिवशी सुपरवायझर आला. हातातला कागद फडफडलेला ऐकू आला. आवाज मऊ लोण्यासारखा.

"वहिनी, काही विशेष नाही, एवढंच लिहिलंय की दिलेला चिमटा न वापरता तुम्ही हात घातला. सही करा, म्हणजे फाईल पुढं सरकेल. उगाच ताणलं तर नणंदबाईंच्या कामाचंही वरचे लोक विचारतील."

नणंदेचा श्वाससुद्धा मला ऐकू येईना.

"सही मी उजव्या हातानं करते," वहिनी म्हणाली. "तो बरा होऊ दे."

"अंगठा चालेल की."

"अंगठा कशाला? मी शिकलेली आहे."

तो पुन्हा येतो म्हणून गेला. दार लागल्यावर नणंद म्हणाली, "कर गं सही. मलाही काढलं तर खायचं काय?" ती वाईट नव्हती, घाबरली होती. घाबरलेली माणसं एकमेकांनाच बोचकारतात, हे मी कारखान्यातही पाहिलं होतं.

पट्टी बदलायला वहिनी दवाखान्यात जायची, तिथं तिला सातबोटे काका भेटले. सातबोटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे, ती शिल्लक होती. वीस वर्षांपूर्वी अशाच प्रेसवर त्यांची तीन बोटं गेली. तेव्हापासून दर गुरुवारी ते त्या वॉर्डच्या बाकावर येऊन बसतात आणि नव्यानं हात बांधलेल्या माणसाशेजारी सरकतात. कामावर जखमी झालेल्या दहा-बारा जणांची त्यांची एक मंडळी आहे. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागं एक खोली, एक लांब टेबल आणि एक पंखा, जो फिरतो कमी आणि कुरकुरतो जास्त. वहिनी तिथं जाऊ लागली. पहिल्या दिवशी परत आली तेव्हा नणंदेला सांगताना तिचा आवाज मला कितीतरी दिवसांनी ओळखीचा वाटला.

"तिथं सगळ्यांनी हात टेबलावर ठेवायचे असतात. पदराखाली, खिशात, कुठं लपवायचे नाहीत. ज्याला हातच नाही त्यानं जे असेल ते. आणि त्यांचा एक नियम आहे. कुणी कुणाला ‘का’ विचारायचं नाही. हात का घातलास, लक्ष का नव्हतं, असलं काही नाही. ‘कसं’ विचारायचं. कसं झालं, ते सांग."

"त्यानं काय होतं?"

"मला वाटलं काही होणार नाही. पण सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, मी हात घातला हे खरं, पण पॅडल मी एकदाच दाबलं होतं."

पुढच्या रविवारी काका घरी आले. बसले, दोन्ही हात समोर ठेवले, चहा घेतला, आणि अगदी सहज विचारलं, "पोरी, तुझा चिमटा कुठंय?"

नणंदेच्या हातातल्या भांड्यांचा आवाज थांबला. मी डब्यात गारठलो.

"नाल्यात टाकला असलास तर आपण नाला उपसू," काका म्हणाले. "मी टाकला होता माझा. घाबरून. वाटलं, खिशात सापडला तर मीच दोषी. मग चौकशीत कारखान्याचे लोक म्हणाले, याला उत्तम चिमटा दिला होता. दाखवायला माझ्याकडे काय होतं? त्यांनी नवा कोरा, बारीक टोकांचा एक आणून टेबलावर ठेवला. तो तर सुईसुद्धा उचलेल असा होता. माझ्या कागदावर लिहिलं, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. वीस वर्षं झाली. बायको गेली तोवर तिलासुद्धा मनातून तेच वाटत होतं."

मग डब्याचं झाकण उघडलं, नणंदेचा हात कोपरापर्यंत पिठात आला आणि तिनंच मला बाहेर काढलं.

काकांनी मला उजेडात धरलं, फुंकर मारली, टोकांवरून अंगठा फिरवला. "हा वाट्यांचा आहे," ते म्हणाले. "चकतीला हा काय कामाचा?" आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला निकामी म्हटलं आणि मला इतकं बरं वाटलं की विचारू नका.

काकांच्या मंडळीनं सरकारी कार्यालयात अर्ज लावला आणि चौकशी कारखान्यातच ठरली, त्याच मशीनजवळ. वहिनीनं आधी साफ नकार दिला. "मी त्या दारातून आत जाणार नाही. पाय उचलणारच नाहीत माझे." काका म्हणाले, "आम्ही येतो. कडेला बसू. बोलायचं मात्र तुलाच, आमच्यातलं कुणी तुझ्या वतीनं बोलणार नाही. पण मान वर केलीस की आमच्यातलं एक तोंड दिसेल, एवढी हमी."

त्या दिवशी मी तिच्या पर्समध्ये होतो, चेन अर्धी उघडी होती म्हणून मला बाहेरचं दिसतही होतं. दारापाशी ती थांबली. आत दुसरी मशीनं चालू होती आणि प्रत्येक ठोक्याला तिची पर्स हलत होती, म्हणजे ती हलत होती. मीही आतून तिच्या किल्ल्यांवर खडखडत होतो. नणंद पॅकिंग सोडून बाहेर आली. सगळ्यांच्या देखत आली, सुपरवायझरच्याही. तिनं वहिनीचा डावा हात धरला आणि दोघी आत गेल्या.

चौकशीला आलेल्या अधिकारी बाई चष्म्यावरून बघणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. काकांनी फक्त एकच विनंती केली, "मॅडम, आधी मेन स्विच बंद, आणि त्याची किल्ली माझ्या खिशात." बाईंनी मान हलवली. स्विच बंद झाला, कुलूप लागलं, किल्ली काकांकडे गेली.

सुपरवायझरनं रजिस्टर उघडलं. "ही सही बघा, मॅडम. चिमटा नंबर चौदा, मिळाला."

"तुम्हाला मिळाला होता?" बाईंनी विचारलं.

"हो." वहिनीनं मला पर्समधून काढून मशीनच्या कडेवर ठेवलं. सुपरवायझरच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि वहिनीनं स्वतःच स्वतःला गाडून घेतलं असं मला वाटलं.

"मग का नाही वापरला?"

वहिनीनं मान वर केली. काकांकडे पाहिलं. "मॅडम, का ते मला सांगता येत नाही. कसं ते दाखवते. तुम्ही एक चकती उचलून बघाल?"

आता माझी पाळी होती. अवजाराला घसरणं म्हणजे मरण. पण त्या दिवशी मी मनापासून मागत होतो की घसरू दे, देवा, आज तरी मला नीट घसरू दे. नाहीतर एखाद्या वेळी पोटात दुखावं म्हणून शाळेच्या वाटेवर मागणं मागावं आणि नेमकं त्याच दिवशी ठणठणीत असावं, तसं व्हायचं.

बाईंनी तेल लावलेली चकती खाचेत बसवली. मला धरलं. मी चकतीवर टेकलो, दाबला गेलो, आणि सटकलो. पुन्हा सटकलो. सहाव्या वेळी चकती जरा तिरकी झाली, माझं काळीज थांबलं, आणि ती टप्पकन परत खाचेत बसली.

"सवय लागते, मॅडम," सुपरवायझर पुढे आला. "द्या इकडे. मी स्वतः आठ वर्षं प्रेसवर होतो."

त्याच्या हातात जोर होता, कसबही होतं, हे मी मान्य करतो. त्यानं मला आडवा धरला, मग उभा. एकदा, तीनदा, सातदा. त्याच्या कपाळावर घाम आला. सगळे बघतायत हे त्याला कळत होतं. आठव्यांदा मी घसरलो तेव्हा त्यानं "च्" केलं, मला डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात सरळ जबड्यात घालून नखानं चकती उचलली.

वहिनी किंचाळली.

मशीन बंद होतं. किल्ली काकांच्या खिशात होती. तरी ती किंचाळली, मावशीनं डोळे मिटले, आणि मला तो दुसरा ठोका ऐकू आला, जो त्या दिवशी झालाच नाही.

सुपरवायझर चकती हातात धरून उभा होता. आपण काय केलं हे त्याला आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं. त्यानं आपल्या बोटांकडे पाहिलं, एकेक, जणू मोजली. मग मशीनला टेकून तो खालीच बसला. मला त्याचा राग होता, पण तेव्हा त्याचीही भीती मला कळली. आठ वर्षं तोही असाच हात घालत होता, फक्त त्याच्या वेळी मशीननं डबल मारलं नव्हतं.

"हात मागं घ्या तुमचा," बाई शांतपणे म्हणाल्या, आणि लिहू लागल्या. त्यांनी बराच वेळ लिहिलं. मावशीनं तेवढ्यात न विचारता सांगून टाकलं, "मॅडम, मशीन डबल मारतं ते मीपण सांगितलं होतं," आणि सांगून झाल्यावर तोंडावर पदर धरला.

निकालाचा कागद महिन्यानं आला. वहिनी तो घेऊन सायकलच्या दुकानामागच्या खोलीत गेली, मी बरोबर होतोच. सगळ्यांचे हात टेबलावर होते. तिनं मोठ्यानं वाचलं. मशीनला जाळी बसवावी, मशीन दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवावं, दिलेला चिमटा या कामास अयोग्य होता. आणि मग ती ओळ, तिच्या नावानं सुरू होणारी. या कामगाराचा कोणताही दोष आढळत नाही.

खोलीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तशा टाळ्या वाजवण्याजोगे हात तिथं कमीच आहेत, असं काका नेहमी म्हणतात. त्या दिवशी मात्र ते जरा वेळानं खाकरून बोलले, "ती शेवटची ओळ परत वाच."

तिनं वाचली.

"अजून एकदा."

वहिनीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग कागद हातात धरून तीच ओळ वाचली, पण नावाच्या जागी स्वतःचं नाव घेतलं नाही, काकांचं घेतलं. त्यांचं खरं, पूर्ण नाव, आडनावासकट. काकांनी सात बोटांनी तोंड झाकून घेतलं आणि त्यांचे खांदे कितीतरी वेळ हलत राहिले. टेबलावरून हात उचलायचे नाहीत हा नियम त्यांनीच केलेला, पण कुणी हटकलं नाही.

हल्ली मी त्या खोलीतच असतो, टेबलाच्या खणात. वहिनीला दुसरं काम मिळालं. तिथं कुठं काही आपटलं की ती अजून डोळे मिटते. गुरुवारी आता बाकावर दोघं बसतात, काका आणि ती. माझी भीतीही काही गेली नाही. त्या फिटरनं माझ्यासारखे चाळीस बनवले होते. एकाच मशीनची चौकशी झाली, एकाच चिमट्याला निकामी म्हटलं. बाकीचे एकोणचाळीस कुठल्या कुठल्या खिशात बसून आत्ता, तुम्ही हे वाचताय तेव्हाही, ठोके मोजत असतील.

म्हणून एवढंच मागतो. तुमच्या खिशात किंवा तुमच्या माणसाच्या खिशात आमच्यातला कुणी असेल, तर मशीन बंद करून, किल्ली काढून एकदा त्याच्यानं चकती उचलून बघा. आणि तो घसरला तर गप्प बसू नका, चारचौघांत सांगा. आमची लाज वाटून घेऊ नका. आम्हाला खिशात जपलंत तर आम्ही शाबूत राहू, पण तुम्ही राहाल असं नाही.